एकतीस दिवसांचा जानेवारी

८ मार्च

भाऊजी,

पंधरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितेय ती काम काढूनच. रागावू नका.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हा तुम्ही डोंगर उतरून भेटायला आला होतात, आपल्या हातचे बटाटे घेऊन. जेवताना सहज म्हणालात, सव्वीस वर्षांत मीठ आणि काडेपेटी सोडून दुकानातून काही आणलेलं नाही. सगळे हसले होते. मी हसले नव्हते. लक्षात ठेवलं होतं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. दिवसाला चारशे चादरी माझ्या हाताखालून जायच्या. गेल्या वर्षी निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला आले. म्हणजे तुमच्या पुतण्याकडे. तो वाईट नाही, सूनबाई तर मुळीच नाही. मला मागची खोली दिली, जड काही उचलायचं नाही अशी तंबी दिली. गेल्या आठवड्यात पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, आई काय करतात? मुलगा प्रेमानं म्हणाला, "आई आता काही करत नाही."

मी तेव्हा पापड भाजावेत तशी आतून तडतडले. दुसऱ्या दिवशी बॅग भरली.

तुमच्या मावशीच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या वाट्याची ती दोन एकरांची उतरण आठवते? एक पत्र्याची खोली आणि बाकी दगड. अकरा वर्षं तिथे कुणी राहिलं नाही. आता मी राहतेय. आज पाचवा दिवस. फोनला इथे रेंज येत नाही, आणि तुम्हाला फोनवर नीट ऐकूही येत नाही, म्हणून पत्र.

तुमच्यासारखं जगायचं ठरवलंय. सुरुवात कशापासून करू, भाजीपासून की कोंबड्यांपासून? तुमच्याकडे कोंबड्या किती आहेत?

वहिनी

&nbsp;

१९ मार्च

वहिनी,

सुरुवात करू नका. परत जा.

हे मी नियमाप्रमाणे लिहिलं. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो आणि दहातले नऊ ऐकतात. तुम्ही ऐकणार नाही असं अक्षरावरून दिसतंय, तेव्हा पुढे वाचा.

भाजीही नको आणि कोंबड्याही नकोत. आधी पाणी. पहिला महिनाभर बी हातात घ्यायचं नाही.

तुमच्याकडे उतरण आहे, म्हणजे पडेल तो पाऊस धावत खाली जाईल आणि जाताना माती घेऊन जाईल. त्याला अडवायचं. त्यासाठी अवजार लागतं ते असं: माणसाच्या उंचीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला एकत्र बांधा, खाली फाकवा, मधे तिसरी आडवी बांधा. वरच्या टोकाला दोरीनं दगड लटकवा. काठ्यांचे दोन्ही पाय सपाट जागी असताना दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करा. मग काठ्या उलटसुलट करून तीच खूण पुन्हा बघा. दोन खुणा आल्या तर बरोबर मधली खरी. आता हे घेऊन उतरणीवर एकेक पाऊल चाला. दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. तिथे खुंट्या ठोकत जा. खुंट्यांच्या रेषेत चर खणा, माती खालच्या बाजूला टाका. पाणी त्या चरात थांबेल आणि जमिनीत मुरेल.

पत्र्याला पन्हळ लावा आणि टाकी ठेवा. प्रत्येक पावसाचं पहिलं पाणी सोडून द्या, त्यात पाखरांची घाण असते. टाकीच्या तोंडावर बारीक जाळी. संडास पाण्याच्या खालच्या अंगाला आणि लांब.

तुमचं पत्र मुलीच्या घरी पोचलं ते बरं झालं. पुढेही तिथेच टाका. माझ्या डोंगरावर टपालवाला चढत नाही. ती माझ्यापर्यंत पोचवते.

कोंबड्या अकरा आहेत. आणि एक कोंबडा, तांबडा, भांडकुदळ.

भाऊ

&nbsp;

२७ एप्रिल

भाऊजी,

परत गेले नाही.

तीन काठ्यांचं अवजार केलं. पहिल्या दिवशी माझी रेषा अशी वाकडी गेली की तिच्यावरून चाललं तर माणूस आपल्याच पाठीवर आदळेल. मला वाटलं, चुकलं. पुसून सरळ आखली. मग दोरी खोटी बोलायला लागली. तेव्हा कळलं की डोंगरच वाकडा आहे आणि खरी रेषा वाकडीच असणार. पुन्हा पहिल्या खुंट्या ठोकल्या.

चार चर झाले. पहिला खणायला अकरा दिवस, चौथा चार दिवसांत. हातांना फोड आले, फुटले, आता तिथे चामडं आलंय.

खालच्या वळणावर एक गवंडी राहतो. पासष्टीचा, तोंडाळ. तो रोज येताजाता थांबतो, विडी ओढत माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, "बाई, हे थडगं कुणासाठी?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही, तुम्ही रोज येताय तर तुमचंही माप घेऊन ठेवते. तेव्हापासून तो विडी ओढून झाल्यावर एक दगड उचलून देऊन जातो. एकच. मोजून.

मुलाचं पत्र आलं. हट्ट पुरा झाला असेल तर शनिवारी गाडी घेऊन येतो म्हणतो. मी कळवलं, गाडी आणच, येताना टाकी आण.

आणली त्यानं. पाचशे लिटरची. उतरवताना तोंड एवढंसं झालं होतं. चर बघून म्हणाला, हे कुणी खणून दिलं? आईनं खणलं असेल हे त्याच्या डोक्यातच येईना.

आता बी हातात घेऊ का? आणि कोंबड्या?

वहिनी

&nbsp;

१० मे

वहिनी,

आता घ्या.

चराच्या खालच्या बांधावर मका लावा. दोन वितींच्या अंतरावर, दोन-दोन दाणे. मका वीतभर झाला की त्याच्या बुडाशी घेवडा, तो मक्यावर चढेल. मधल्या मोकळ्या जागेत भोपळा, त्याची पानं जमीन झाकतील आणि तण कमी येईल. तिघं एकमेकांना सांभाळतात. वरच्या तुकड्यात भुईमूग. बटाटा पाऊस सरल्यावर.

खत आत्तापासून करा. एक थर हिरवा, दोन थर वाळका, मधे थोडी माती. ओल किती ठेवायची हे सगळे चुकतात. तुम्हाला सोपं जाईल: धुवून घट्ट पिळलेल्या चादरीइतकी. हातात दाबल्यावर एखादा थेंब यावा, धार नको. पंधरा दिवसांनी उलटापालट. घाण वास आला तर वाळका पाला कमी पडला असं समजा.

कोंबड्या पाऊस संपेपर्यंत आणायच्या नाहीत. खुराडं नीट बांधल्याशिवाय तर नाहीच. हे मी दोनदा लिहितो: आणायच्या नाहीत.

माझ्याकडे यंदा आंबट चुका लवकर आलाय. तांबड्यानं काल पिशवीतलं बी सांडून ठेवलं, त्याला दिवसभर डालून ठेवला.

गवंड्याला दगड मागू नका. तो आपणहून एकाचे दोन करेल. केले की चहा द्या.

भाऊ

&nbsp;

६ ऑगस्ट

भाऊजी,

उशीर झाला. लिहायला तोंड नव्हतं.

मी कोंबड्या आणल्या. जूनमध्येच. सहा. खुराडं बांधलं, चांगलं दणकट, कडी लावलेलं. मुंगसानं दाराकडे बघितलंसुद्धा नाही. बाजूनं माती उकरून आत शिरलं. सकाळी एकच कोंबडी शिल्लक होती, आढ्याला चिकटून बसलेली. ती अजून खाली उतरायला घाबरते. मी तिला काही म्हणत नाही.

त्याच आठवड्यात मुलगा आणि सूनबाई आले. पिसं मी झाडून टाकली होती तरी एक खाटेखाली राहिलं होतं. मुलगा त्या पिसाकडे बघत बसला. मग म्हणाला, "आई, हे नाटक किती दिवस? तू पिठाची पिशवी गावातूनच आणतेस ना?"

आणते. खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, मग इथे आणि घरी फरक काय? एक महिना फक्त स्वतः पिकवलेल्यावर राहून दाखव. मीठ आणि काडेपेटी तेवढी सोडून. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर घरी यायचं. आणि वर दयेनं म्हणतो, पाहिजे तर फेब्रुवारी धर.

मी म्हटलं, फेब्रुवारी नको. त्यात तीन दिवसांची सवलत आहे. जानेवारी धर, एकतीस दिवसांचा.

सूनबाईनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की तिला काही म्हणायचंय.

मका डोक्याच्या वर गेलाय. तीन महिने बाहेरची कुणाची मदत घ्यायची नाही असं ठरवलंय, गवंड्याचे दगड सोडून. आता ते रोज दोन झालेत.

वहिनी

&nbsp;

१८ ऑगस्ट

वहिनी,

दोनदा लिहूनही आणल्यात. मी पहिल्या वर्षी नऊ घालवल्या होत्या, तेव्हा जास्त बोलत नाही. खुराड्याभोवती जमिनीवर हातभर रुंदीची जाळी आडवी पसरा, तिच्यावर दगड आणि माती. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटून उकरतो. खाली जाळी लागली की मागे सरून उकरायची अक्कल त्याला नाही.

पैज लावायला नको होती. आता लावलीत तर नीट ऐका.

एका माणसाला महिन्याला पंधरा किलो मका धरा. त्याशिवाय पाच किलो घेवडा, चार किलो भुईमूग सोललेला, आणि भोपळे दिसतील तेवढे. कणीस झाडावरच वाळू द्या. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे, चेपला तर ओला आहे. साल मागे ओढून वेणी घाला आणि चुलीच्या वर टांगा, धुरानं कीड लागत नाही. घेवड्यात चाळलेली राख मिसळा. भोपळा देठासकट तोडा, देठ मोडला तर तो आधी खा.

पहिली, सगळ्यात मोठी कणसं बियाण्याची. कितीही भूक लागली तरी ती खायची नाहीत. पैज हरलात तरी चालेल.

दळायला जातं लागेल. माझ्याकडे आहे, पण पाठवता येणार नाही. न्यायला येऊ नका. वाट पावसानं खचली आहे. पाटा-वरवंट्यावर भागवा.

भाऊ

&nbsp;

२१ डिसेंबर

भाऊजी,

मका बेचाळीस किलो झाला. घेवडा नऊ. भुईमूग उंदरांनी खाऊन सात. भोपळे तेवीस, सगळ्यांना देठ आहे. बटाटा काढला. कोंबड्या पुन्हा पाच झाल्या, जाळी लावल्यापासून एकही गेली नाही.

पाट्यावर तीन दिवस वाटून पाहिलं. खांदा गेला. म्हणून परवा मी तुमच्याकडे आले होते.

कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही पुन्हा वाट खचली आहे असं लिहिलं असतं. वाट कुठेही खचलेली नाही. गवंड्याची हातगाडी सरळ वरपर्यंत गेली.

फाटकाला कुलूप. गवत कमरेएवढं. खुराड्याचं छप्पर खाली बसलेलं, आत काहीच नाही, जुनं पीससुद्धा नाही. अंगणातल्या चुलीत पाखरानं घरटं केलंय. मी हाका मारत सगळीकडे फिरले. मला वाटलं तुम्ही आत मरून पडला आहात. खिडकीची काच पुसून आत पाहिलं, खाट रिकामी. मग खालून मेंढ्यावाली आली. म्हणाली, ते इथे असतात कुठे, दोन वर्षं झाली.

म्हणजे मी मार्चपासून कुणाला पत्रं लिहितेय? आंबट चुका कुठे आला होता? तांबड्या कुणाचं बी सांडत होता?

जातं मात्र मागच्या पडवीत होतं. कुंपणावरून आत उतरलेच होते, तेही घेऊन आले. त्याला चोरी म्हणायचं असेल तर म्हणा.

जानेवारी दहा दिवसांवर आलाय. मला कामं आहेत.

वहिनी

&nbsp;

२९ डिसेंबर

वहिनी,

जातं तुमचंच समजा.

गेल्याच्या गेल्या फेब्रुवारीत कौल सरकलं होतं म्हणून छपरावर चढलो आणि पडलो. खुबा मोडला. सात तास अंगणात पडून होतो, मेंढ्यावालीनं पाहिलं म्हणून वाचलो. मुलगी येऊन घेऊन गेली. तेव्हापासून तिच्या घरी आहे. तिसरा मजला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसतात. काठी घेऊन चालता येतं. जिने नाही चढता येत, पण लिफ्ट आहे.

मुलगी जीव लावते. म्हणाली, बाबा आता इथेच राहा. मी हो म्हटलं. तिला मी त्या अंगणात दिसलो होतो, नाही कसं म्हणणार?

तुमचं पहिलं पत्र आलं. तुम्ही विचारलंत, कोंबड्या किती आहेत. मी अकरा लिहिलं. पडायच्या आधी अकराच होत्या. लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की त्या रात्री मी औषध न घेता झोपलो. मग थांबवता आलं नाही. तुम्ही चर खणत होतात तेव्हा मी इथे जेवणाच्या टेबलावर काडेपेटीच्या काड्या मांडून तुमच्या रेषा आखून बघत होतो.

फसवलं खरं. मापं मात्र जपून लिहिली.

आता तुम्ही पत्र लिहिलं नाहीत तरी मी समजून घेईन. जाळीवर दगड आहेत का ते आठवड्याला एकदा बघत जा.

भाऊ

&nbsp;

२० जानेवारी

वहिनी,

आज वीस तारीख. पत्र नाही.

राग असू द्या. फक्त तब्येतीचं कळवा, एका ओळीत. भुईमूग रोज मूठभर खाता आहात ना? नुसत्या मक्यावर माणूस खंगतो. हे मी ऑगस्टमध्ये लिहायला हवं होतं, राहिलं.

भाऊ

&nbsp;

४ फेब्रुवारी

भाऊजी,

भुईमूग खात होते. तेवढी अक्कल आहे.

सगळं क्रमानं सांगते. पहिले तीन दिवस चहा नाही म्हणून डोकं असं ठणकलं की कोंबडी ओरडली तरी तिला मारावंसं वाटायचं. चौथ्या दिवशी उतरलं. सकाळी मक्याच्या कण्या, दुपारी घेवडा, संध्याकाळी भोपळा किंवा बटाटा. दहाव्या दिवशी भोपळ्याकडे बघवेना. अठराव्या दिवशी तो पुन्हा आवडायला लागला. अंडी चार दिवसांत तीन. गवंड्यानं एकदा गुळाचा खडा आणला. मी परत केला, तर तो माझ्यासमोर उभा राहून चाटूनपुसून खाऊन गेला.

सव्वीस तारखेला लाकूड फोडताना कोयता निसटला. डाव्या तळव्यात खोल गेला. चादर फाडून बांधला आणि दीड तास चालत आरोग्य केंद्रात गेले. नर्सबाईनं पाच टाके घातले, सुई टोचली. मला भोवळ आली. तिनं गरम गोड चहा आणि दोन बिस्किटं हातात दिली. मी खाल्ली. दुसरं बिस्कीट अर्ध्यावर असताना आठवलं. थुंकता आलं असतं. गिळलं.

त्यानंतर पाच दिवस पुन्हा नेमानं काढले. का, ते मलाही ठाऊक नाही. पैज तर गेलीच होती.

एक तारखेला मुलगा आणि सूनबाई आले. हात बघून त्याचा चेहरा उतरला. मीच सांगितलं, सव्वीस तारखेला दोन बिस्किटं आणि एक कप चहा. खरं सांगते, तो खूश नव्हता, पण त्याला हायसं वाटलं. म्हणाला, "मग ठरल्याप्रमाणे. आवर, निघूया."

मी म्हटलं, "ठरवलं होतंस तू. मी हरले, मान्य. पण मी येत नाही."

तो म्हणाला, मग महिनाभर हा जीव कशाला जाळलास? मी म्हटलं, मला काय काय येत नाही ते बघायचं होतं. कळलं. तेल काढता येत नाही, गोड काही पिकवता येत नाही आणि डाव्या हाताशिवाय लाकूड फोडता येत नाही. ते शिकेन. जे येत नाही ते दुकानातून आणेन. मला कुणाला दाखवायचं नाहीये.

सूनबाई हसली. मग उठून आत गेली आणि म्हणाली, कणसांची वेणी कशी घालतात ते दाखवा. मुलगा बाहेर बसून राहिला. जेवायला मात्र आला आणि कण्या दोनदा वाढून घेतल्या. निघताना गाडीत बसला, पुन्हा उतरला, आणि आरोग्य केंद्राचा नंबर लिहून घेऊन गेला. राग आहे त्याचा. असू दे. माझाही आहे.

आता तुमचं.

तुम्ही मला नऊ महिने फसवलंत, तो राग गेलेला नाही. पण तुमचं एकही माप चुकलं नाही. मला एक सांगा. तुम्ही पडलात, मुलगी घेऊन गेली, तुम्ही हो म्हटलंत. बरोबर. पण त्यानंतर दोन वर्षांत एकदा तरी नाही म्हणून पाहिलंत का? की तिला वाईट वाटेल म्हणून टेबलावर काड्या मांडत बसलात? माझ्या मुलालाही वाईट वाटलं. तो जगतोय.

तुमची कीव करायला मला सवड नाही. जातं मी परत आणून देणार आहे. कुलूप लावलेल्या घरात नाही.

वहिनी

&nbsp;

२ एप्रिल

वहिनी,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दोन महिने लागले.

फेब्रुवारीच्या शेवटी मुलीला सांगितलं. ती रडली. डॉक्टरांकडे घेऊन गेली, त्यांनी नकारार्थी मान हलवली. जावईबापू म्हणाले, उन्हाळा संपू द्या. मला माहीत आहे, उन्हाळ्यानंतर पाऊस असतो आणि पावसानंतर थंडी. तिनं शेवटी विचारलं, "बाबा, पुन्हा पडलात तर?"

मी म्हटलं, "तर पडेन. तिसऱ्या मजल्यावर पडलो नाही म्हणून मी जगत होतो असं नाही."

हे बोलायला नको होतं. तिसऱ्या दिवशी ती माझी औषधं डब्यात भरताना दिसली, दिवसांच्या चिठ्ठ्या लावून.

गेल्या सोमवारी आम्ही वर आलो. तीच घेऊन आली. कुलूप गंजलं होतं, फोडावं लागलं. ती पाच दिवस राहिली. पहिल्या दिवशी सगळ्याला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन गवत कापायला लागली आणि संध्याकाळपर्यंत थांबली नाही. लहानपणी ती इथेच वाढली, हात विसरलेला नव्हता. मेंढ्यावालीनं सकाळ-संध्याकाळ डोकावायचं आणि खालून टपाल आणून द्यायचं कबूल केलंय. काल मुलगी गेली. जाताना तुमचा पत्ता मागून घेतला. चेहरा बरा नव्हता.

आता मी एकटा आहे. खोटं लिहीत नाही, भीती वाटते. छपराकडे मान वर करूनसुद्धा बघत नाही.

आणि एक अडचण. मला उकिडवं बसता येत नाही. वाकलो की उठता येत नाही. काल मातीत एक बी टोचायचं म्हणून बसलो आणि अर्धा तास कुंपणाला धरून उठायचा प्रयत्न करत होतो. उभ्यानं शेती कशी करायची हे मला माहीत नाही. इतक्या वर्षांत कधी लागलं नाही. तुम्हाला काही सुचतं का?

भाऊ

&nbsp;

१० एप्रिल

भाऊजी,

सुचतं. माझी एकतीस वर्षं त्यातच गेली.

धुलाईखान्यात पहिली बावीस वर्षं आमची टेबलं खुज्या उंचीची होती. पाठी गेल्या. मग मुकादम झाल्यावर मी सगळी टेबलं उंच करून घेतली. माप असं: ताठ उभे राहा, हात सैल सोडा. मनगट जिथे येतं ती उंची. काठी धरायची बाजू मोजू नका, तिकडे तुम्ही झुकता. रुंदी, एका बाजूनं हात पोचेल एवढीच, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतच्या दीडपट. दोन्ही बाजूंनी फिरता येणार असेल तर दुप्पट.

तेवढा दगडाचा ओटा बांधायचा, सांध्यांत चुना न भरता, म्हणजे पाणी निघून जाईल. तळाशी मोठे दगड, त्यावर फांद्या आणि वाळका पाला, वरच्या दोन विती खत-माती. सबंध ओटा मातीनं भरायचा नाही, माती वाया जाते आणि भिंत फुगते. भोवती चालायला फरशी, आणि एका बाजूनं कठडा, धरायला. कोंबड्यांचं खुराडंही त्याच उंचीवर. अंडी काढायला वाकायचं नाही.

मी आणि गवंडी गुरुवारी येतोय. हातगाडीत जातं, जाळी आणि दोन कोंबड्या. त्यातली एक आढ्यावरची. गवंडी म्हणतो, ओटे तीन करू, बाईंची दगडं मी वर्षभर वाहिलीत, आता माझाही हात बसलाय. मजुरी विचारली तर म्हणाला, जेवण, पण भोपळा नको. तुम्ही माप घेऊन ठेवा आणि आमच्याशी वाद घालू नका. छपरावर मी चढेन.

तुमच्या मुलीचं पत्र आलंय. एकाच ओळीचं. माझ्या बाबांना काही झालं तर त्याला जबाबदार तुम्ही असाल.

तिला उलट टपाली कळवलंय: हो. मी.

वहिनी